तार सुटलेलं सोयाबीन

गेल्या वर्षी आई-बाबा दीड महिना माझ्याकडे टोकियोला आले. दुसऱ्याच दिवशी बाबांचं जुनं रडगाणं सुरू. पोट साफ नाही! माझ्या फ्रिजमध्ये त्यावरचा रामबाण उपाय कायम तयार असतो. नत्तो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: वाफवलेल्या सोयाबीनला बॅसिलस सबटिलिस नावाचा जीवाणू लावायचा आणि 40 अंशांच्या आसपास उबेत साधारण दिवसभर ठेवायचं. पूर्वी सरळ भाताच्या पेंढ्यात बांधायचे, कारण हा जीवाणू तिथेच मुक्कामाला असतो. ढवळलं की भेंडीला लाजवतील अशा तारा सुटतात. वास... जाऊ दे. मोहरी आणि सोया सॉस घालून गरम भातावर घ्यायचं.

"शी! वरणाला अशी तार सुटली तर आपण टाकून देतो," आई म्हणाली. बाबा लातूरचे. आयुष्यभर सोयाबीन पेरलं ते विकायला. त्याचं तेल होतं, पेंड होते. आमच्या घरात ते कधी शिजलं नाही. पण त्यांनी मिटक्या मारत खाल्लं. "ठेचा पायजे होता रे सोबत," एवढीच तक्रार.

मग काय, मला चेवच आला. बाबांना लेक्चर दिलं. इडलीतले जीवाणू वाफेत मरतात. मिसो उकळत्या सूपमध्ये घातला की त्यातलेही बहुतेक तिथेच संपतात. नत्तोचा जीवाणू मात्र बीजाणू करून कडक कवचात झोपतो, पोटातलं आम्ल पार करतो आणि आतड्यात जागा होतो. इतका चिवट, की साके बनवणारे कारागीर हंगामात नत्तोला शिवत नाहीत, भट्टीत त्याची लागण होऊ नये म्हणून. शिवाय 2020 साली बीएमजेमध्ये आलेला अभ्यास होताच. सुमारे 93 हजार जपानी लोक, जवळजवळ 15 वर्षं पाठपुरावा. आंबवलेलं सोया जास्त खाणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण थोडं कमी निघालं, एकूण सोयाबाबत तसं ठळक काही दिसलं नाही. अर्थात हा नुसता संबंध. नत्तो खाणारे एरवीही तब्येत जपणारे असू शकतात. ही तळटीप मी बाबांसमोर गाळली :)

पाचव्या दिवशी पोट साफ. आठव्या दिवशी ऑफिसात डबा खाताना मी ही फुशारकी मारली. शेजारच्या सहकारी बाईंनी विचारलं, "वडिलांना कुठलं औषध चालू आहे का?"

"हो, हृदयात कृत्रिम झडप आहे ना. वॉरफरिन."

त्यांनी चॉपस्टिक्स खाली ठेवल्या. त्यांच्या आजोबांना ती गोळी सुरू झाली, त्याच दिवशी औषधवाल्याने बजावलं होतं: नत्तो बंद.

रक्त गोठायला के जीवनसत्त्व लागतं आणि वॉरफरिन त्याच्याच कामात खोडा घालतं. नत्तोच्या एका छोट्या डबीत दिवसाच्या गरजेपेक्षा कितीतरी जास्त के-2 असतं. वर हा जीवाणू आतड्यात पोचून आणखी तयार करत राहतो, म्हणून एकदा खाल्लं तरी परिणाम काही दिवस टिकतो. जिवंत आतड्यात पोचणं! ज्या गुणाचं मी आठवडाभर कौतुक करत होतो, तोच नेमका.

त्या संध्याकाळी आयएनआर आला 1.5. निघताना पुण्यात 2.8 होता. झडपेवर गुठळी होऊन ती मेंदूत गेली असती तर? डॉक्टरांनी आकडा वर येईपर्यंत हेपॅरिनची इंजेक्शनं दिली. ते दिवस मी रात्री तीन-तीनदा उठून बाबांचा श्वास चालू आहे ना, बघत होतो. जीवाणूंच्या बीजाणूंपर्यंत सगळं वाचलं आणि घरातल्या माणसाच्या गोळ्यांची पट्टी वाचली नाही.

"पालेभाजी बेतानं खा, एवढंच सांगितलं होतं आपल्याकडं," बाबा उलट माझीच समजूत काढत होते. "ह्या असल्या गोष्टीचं तिकडं कोणाला माहीत!"

आकडा 2.6 वर आला तेव्हा कुठे हुश्श झालं. पोटासाठी आता पपई, भरपूर पाणी आणि सकाळचं फिरणं. फ्रिजमधल्या दोन डब्या टाकवेनात, म्हणून ते दोघं झोपल्यावर मी ओट्यापाशी उभं राहून संपवल्या. सकाळी बाबा चहा पिताना म्हणाले, "रात्री वास आला रे. चोरून खातोस होय?"