वीस चिठ्ठ्या

ते पुस्तक मला कपाटात सापडलं. हॉस्टेलच्या लोखंडी कपाटाचा सगळ्यात वरचा कप्पा, जुन्या पेपरच्या घडीखाली. माझ्याआधी त्या कॉटवर राहून गेलेली मुलगी रिपीटर होती, एवढंच मला तिच्याबद्दल माहीत. पुस्तकाला कव्हर नव्हतं, छपाई पुसट, म्हणजे फुटपाथवरची पायरेटेड कॉपी. आतल्या पानावर नाव होतं, ‘द हंगर गेम्स’. मला वाटलं डाएटबद्दल काहीतरी असेल. परत ठेवून दिलं.

हे 2016 मधलं. मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं, त्या वर्षी मी अकरावीला, म्हणजे खरं तर नीटच्या तयारीला, लातुरात आले. जिंतूरकडचं आमचं गाव. अडीच एकर कोरडवाहू, त्यातलं एक एकर माझ्या क्लासच्या फीसाठी गहाण. हॉस्टेलवर स्मार्टफोनला बंदी होती. बटणांचा साधा फोन, तोही रविवारी. त्यामुळे दिवाळीच्या आधी एका रात्री झोप येईना, तेव्हा खोलीत अभ्यासाचं नसलेलं असं ते एकच पुस्तक होतं.

मी सेमी इंग्लिशची. सायन्स इंग्रजीत वाचलं होतं, गोष्ट कधीच नाही. पहिलं प्रकरण मला चार रात्री पुरलं. ‘रीपिंग’ हा शब्द डिक्शनरीत पाहिला तर कापणी. सुगीच्या दिवसाला ही पोरं एवढी का घाबरतात, हेच कळेना. ‘ट्रिब्यूट’चा एक अर्थ आदरांजली आणि एक खंडणी. दोन्ही एकदम कसे खरे असू शकतात, ते कळायला आणखी काही रात्री गेल्या.

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. उत्तर अमेरिकेच्या राखेतून उभा राहिलेला पॅनेम नावाचा देश. श्रीमंत कॅपिटॉल आणि तिला पोसणारे 12 जिल्हे. जुन्या उठावाची शिक्षा म्हणून दरवर्षी प्रत्येक जिल्ह्यातून 12 ते 18 वयाचा एक मुलगा आणि एक मुलगी चिठ्ठी टाकून काढायची. अशी 24 मुलं एका रानात सोडायची, एक उरेपर्यंत एकमेकांना मारायला लावायचं आणि सगळ्या देशाने ते टीव्हीवर बघायचं. कॅटनिस 16 वर्षांची, बाराव्या जिल्ह्यातली, बाप कोळशाच्या खाणीतल्या स्फोटात गेलेला. चिठ्ठी निघते ती तिच्या धाकट्या बहिणीची, प्रिमची. कॅटनिस तिच्या जागी स्वतः पुढे होते.

मला धरून ठेवलं ते चिठ्ठ्यांच्या हिशोबाने. बाराव्या वर्षी नावाची एक चिठ्ठी, पुढे दरवर्षी एक वाढत जाते. पण घरात खायला नसेल तर मुलं टेसेरा घेऊ शकतात. एका माणसाचं वर्षभराचं थोडं धान्य आणि तेल, बदल्यात भांड्यात नावाची एक जादा चिठ्ठी. कॅटनिसने स्वतःसाठी, आईसाठी आणि प्रिमसाठी दरवर्षी तीन घेतल्या, म्हणून सोळाव्या वर्षी तिच्या 20 चिठ्ठ्या. तिच्या मित्राच्या, गेलच्या, 42. मी पेन घेऊन ते गणित पानाच्या कडेला मांडलं. बरोबर आलं. कुणीतरी गोष्टीतली गरिबी इतकी नीट मोजली होती, आणि मला ती बेरीज करता येत होती.

माझी रूम पार्टनर केजकडची. तिचे आई-वडील दिवाळी झाली की कारखान्यावर ऊसतोडीला जायचे. ती पूर्ण मराठी मीडियमची, इंग्रजी कादंबरीच्या वाटेला जाणं शक्यच नव्हतं. पण मी रात्री बॅटरीच्या उजेडात काय वाचते याची तिला उत्सुकता. मग लाइट गेल्यावर मी तिला दिवसाआड एक तुकडा मराठीत सांगायला लागले. टेसेराचं समजावताना मी मोठं लेक्चर दिलं. ती म्हणाली, “म्हंजी उचलच की.”

मुकादम हंगामाआधी कोयत्याला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला, पैसे देतो, ते उचल. मग ती ऊस तोडून फेडायची. फिटली नाही तर पुढच्या वर्षाला चिकटते. तिने हे मला तीन वाक्यांत सांगितलं आणि विचारलं, “मग त्या पोरीचं काय झालं?”

इथे मी पुस्तकाच्या खऱ्या प्रेमात पडले असं मला वाटतं. एकटीने वाचताना ते माझं गुपित होतं, सांगायला लागले तेव्हा त्यात जीव आला. कॅटनिसचं नाव पाण्यातल्या एका रोपावरून पडलंय, त्याचे कंद खाता येतात. उपासमारीच्या दिवसांत शाळेच्या आवारातलं डँडेलियनचं पिवळं फूल पाहून तिला रानातलं खाणं आठवतं. डँडेलियन आमच्या दोघींनी कधी पाहिलेलं नव्हतं. मी सांगताना पाथरी केली. पाथरीची भाजी तिला माहीत होती, मला माहीत होती, गोष्ट पुढे गेली. आणि मग रू आली. अकराव्या जिल्ह्यातली 12 वर्षांची मुलगी. त्या जिल्ह्यात सगळ्या देशाचं धान्य आणि फळं पिकतात, पण तोडताना तोंडात टाकलं तर चाबूक. रानात कॅटनिस तिला भाजलेल्या पक्ष्याची एक तंगडी देते, तेव्हा रू सांगते की अख्खी तंगडी तिला कधी मिळालीच नव्हती. त्या रात्री आम्ही तिच्या घरचे धपाटे आणि माझ्या घरची शेंगदाण्याची चटणी काढून अर्ध्या रात्री खाल्ली. फार वेळ कुणी काही बोललं नाही.

आता एक कबूल करते, परीक्षेची आणि हंगर गेम्सची तुलना भडक आहे. क्लासमध्ये कुणी कुणाला भाला मारत नाही. पण दर पंधरा दिवसांनी टेस्ट, टेस्टच्या मार्कांवर बॅच बदलायची, आणि चौकाचौकात टॉपरचे फेटा बांधलेले फ्लेक्स. कॉलिन्सने सांगितलंय की एका रात्री टीव्हीचे चॅनेल बदलताना एकीकडे रिअ‍ॅलिटी शो आणि दुसरीकडे इराक युद्धाची दृश्यं दिसली, ती डोक्यात मिसळली आणि कल्पना सुचली. पुस्तक 2008 चं. मला ते आमच्या फ्लेक्सबद्दल लिहिलंय असं वाटायचं.

कादंबरीत गेम्सच्या आदल्या रात्री पीटा गच्चीवर कॅटनिसला म्हणतो की मरायचं तर मी माझा मी राहून मरायला हवं, यांच्या खेळातलं प्यादं होऊन नाही. मला तेव्हा तो फालतू वाटला. बेकरीवाल्याच्या पोराला परवडतात असले विचार. (त्यांच्याकडेही शिळा पावच खायचे हे मी सोयीने विसरले.)

बारावीच्या जानेवारीत आम्ही दोघी वरच्या बॅचच्या काठावर होतो. टेस्टमध्ये मी वर राहिले, ती खाली गेली. वरच्या बॅचला ऑरगॅनिकच्या प्रश्नांचा एक वेगळा गठ्ठा दिला होता. तिने विचारलं, “झेरॉक्स काढू दे ना.” मी म्हणाले, “अजून दिलाच नाही आम्हाला.”

तो माझ्या गादीखाली होता. दोन दिवसांनी तिने झाडू मारताना दोन्ही गाद्या उन्हात टाकल्या. गठ्ठा माझ्या टेबलवर नीट ठेवलेला मिळाला, कोपरे जुळवून. तिने काही विचारलं नाही. त्या रात्री मी गोष्ट सांगितली नाही, तिने मागितली नाही. गोष्ट जिथे थांबली ती जागा मला पक्की आठवते. शत्रूंचा अन्नाचा ढीग उडवायचा बेत ठरलाय, रूने लक्ष विचलित करायला तीन ठिकाणी जाळ पेटवायचेत, आणि दोघी वेगळ्या वाटांनी निघाल्यात.

बोर्डाचे पेपर झाल्यावर ती सामान घेऊन गेली. नीटला बसलीच नाही. मी बसले, 6 मे 2018. दारात तपासणीत नाकातली चमकी काढायला लावली, आईने ती पदराच्या गाठीत बांधली. कॅटनिसची मॉकिंगजे पिन तरी तपासणीतून सुटते. मला सरकारी कॉलेजइतके मार्क पडले नाहीत. आता मी पुण्यात एका लॅबमध्ये रक्ताचे नमुने तपासते. गहाण एकर मागच्या वर्षी सुटलं.

पुढचे दोन भाग मी नंतर वाचले. तिसरा मधे रेंगाळतो, आणि गेल की पीटा यात मला कधीच रस वाटला नाही. पण पहिला भाग दरवर्षी वाचते. गठ्ठ्याची आठवण प्रत्येक वेळी त्याच पानावर येते. 2025 मध्ये हेमिचची गोष्ट आली, ‘सनराइज ऑन द रीपिंग’. ती पीएमपीमध्ये फोनवर वाचत होते, आणि एका स्टॉपला उतरायचं राहून गेलं. त्याच आठवड्यात मी जुन्या मेसच्या मावशींना फोन करून तिचा नंबर मिळवला. ती अंबाजोगाईत नर्स आहे.

माफीचा मेसेज मी चार वेळा टाइप केला आणि चारही वेळा पुसला. मग व्हॉइस नोट सुरू केली आणि थेट तिथूनच सांगायला लागले, जिथे सोडलं होतं. रूने पहिला जाळ पेटवला. मग दुसरा. कॅटनिसने सफरचंदांच्या पोत्यावर बाण मारला आणि सगळा ढीग उडाला. गठ्ठ्याचंही सांगितलं, मधेच, अडखळत. नोट अकरा मिनिटांची झाली.

तिने दुसऱ्या दिवशी ड्यूटी संपल्यावर ऐकली असावी. रात्री साडेनऊला उत्तर आलं.

“अन् तिसरा जाळ?”