चाळीस मिनिटांचा हट्ट

माझा मावसभाऊ सतरा वर्षांचा, बारावीत. पळतो. म्हणजे पहाटे साडेपाचला आपण कूस बदलत असतो, तेव्हा हा गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर तिसरा-चौथा राउंड मारत असतो. मध्यंतरी काकांनी फर्मान काढलं, "डिसेंबरच्या शर्यतीत दहा किलोमीटर चाळीस मिनिटांच्या आत आलास तर पळणं चालू. नाहीतर बूट माळ्यावर, आणि सीईटी होईपर्यंत फक्त क्लास."

झालं! शनिवारी स्वारी माझ्या लॅपटॉपसमोर हजर. "दादा, तू बाबांना सांग ना, मला जमेल."

आता आम्ही पडलो आयटीवाले. पहिलं काम काय, तर एक्सेल उघडणं. पीटर रिगेल नावाच्या अमेरिकन इंजिनीयरने १९७७ साली एक सूत्र मांडलं होतं. एका अंतराची वेळ माहीत असली की दुसऱ्याची काढता येते: अंतरांच्या गुणोत्तराचा १.०६ वा घात घ्यायचा आणि आधीच्या वेळेला गुणायचं. पोराची १६०० मीटरची वेळ ५:३०. (पोलीस भरतीची पोरं पळतात तेच अंतर.) उत्तर आलं ३८:२२. साहेब खूश! मग मी त्याची पाच किलोमीटरची वेळ टाकली, १९:४०. उत्तर ४१:००. पोरगा तोच, सूत्र तेच, आणि फरक अडीच मिनिटांहून जास्त!

बग सूत्रात नाही. दोन्ही अंतरांची तयारी सारखीच झालीय, असं ते गृहीत धरतं. आपल्या नाशिकच्या कविता राऊतचंच बघा. हरसूलजवळच्या सावरपाड्याची ही मुलगी. २०१० च्या ग्वांगझू एशियाडमध्ये तिने दहा हजार मीटर ३१:५१.४४ मध्ये पळून रौप्य जिंकलं. ही वेळ सूत्रात टाकली तर मॅरेथॉन येते साधारण २ तास २६ मिनिटं. प्रत्यक्षात २०१६ च्या गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत ती २:३८:३८ मध्ये पळाली, सुवर्ण जिंकलं आणि रिओ ऑलिंपिकला पात्र ठरली. म्हणजे सूत्र इंजिन किती सीसीचं आहे ते सांगतं, टाकीत पेट्रोल किती ते नाही.

ते कळायला मैदानावरच जावं लागतं. रविवारी सकाळी दोन-दोन किलोमीटरचे चार तुकडे लावले, प्रत्येकी आठ मिनिटांत, मध्ये दोन मिनिटं विश्रांती. चाळीस मिनिटांचा वेग बरोब्बर हाच. पहिला तुकडा ७:५२, दुसरा ७:५८, तिसरा ८:०६, चौथा ८:२३. शेवटी गुडघ्यांवर हात ठेवून उभा. पहिला तुकडा मी बघितलाच नाही म्हणा ना, तो कुणालाही जमतो. चौथा पहिल्याइतकाच निघाला असता, आणि वर "अजून एक मारू का?" असं त्याने विचारलं असतं, तर मी डोळे झाकून हो म्हटलं असतं. शिवाय नडगी दुखतेय, हे त्याने जाताजाता सांगितलं. म्हणजे उरलेल्या सात आठवड्यांत पल्ला एकदम वाढवायचीही सोय नाही.

संध्याकाळी काकांना खरं ते सांगितलं. "एक्केचाळीसच्या आसपास येईल. चाळीस या डिसेंबरला अवघड आहे."

"म्हणजे नापास."

पोराने माझ्याकडे असं बघितलं की बस्स.

"काका, २०१० च्या ऑक्टोबरात दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत कविता राऊतला दहा हजारात ब्राँझ मिळालं, वेळ ३३:०५. नोव्हेंबरात ग्वांगझूला जवळजवळ सव्वा मिनिट कमी. दिल्लीची वेळ बघून तिची लायकी ठरवली असती तर? एका दिवसाचं घड्याळ त्या दिवसापुरतंच असतं. याला चाळीस जमणार नाही असं मी म्हणत नाहीये, या डिसेंबरात नाही एवढंच म्हणतोय. अट घालायचीच तर घड्याळाची नको. महिनाभर न चुकता सराव आणि अभ्यास दोन्ही करतो का, ते बघा."

काका चहा संपेपर्यंत गप्प. मग म्हणाले, "बघू."

आमच्या घरात 'बघू' म्हणजे नेमकं काय, याचं सूत्र अजून कोणी काढलेलं नाही. पण सोमवारी पहाटे बूट माळ्यावर नव्हते, दाराशीच होते. तूर्तास एवढं पुरे.