मराठा मंदिरसमोरची रांग

मे महिन्यात धाकट्या बहिणीची दोन मुलं दापोलीहून माझ्याकडे राहायला आली. मुलगी नववीत, मुलगा सातवीत. पहिल्याच संध्याकाळी फर्माईश झाली, "खाला, शाहरुखचा बंगला दाखव ना." मी म्हटलं, बंद फाटक बघायला वांद्र्यापर्यंत कशाला जायचं? त्यापेक्षा तुमच्या नानांची मुंबई दाखवते. अब्बांनी या शहरात तीस वर्षं टॅक्सी चालवली. गावाहून आलेली माझी फुफूही सध्या इथंच आहे. वय एक्याऐंशी, गुडघे धरलेले, पण टॅक्सी म्हटल्यावर बुरखा चढवून सर्वांत आधी तीच दाराशी उभी.

अब्बांच्या तोंडी पत्ता सांगण्याची रीत एकच होती. अमुक थिएटरच्या पुढं डावीकडे, तमुक थिएटरच्या मागच्या गल्लीत. तीनचा खेळ कुठं सुटतो, रात्रीच्या शेवटच्या खेळाला भाडं कुठं मिळतं, हे सगळं त्यांना पाठ. घरात मात्र सिनेमाचं नाव काढायची सोय नव्हती. रेडिओवर बातम्या संपून गाणं लागलं की ते स्वतः उठून कान पिळायचे. रेडिओचा, आणि कधीमधी आमचाही.

माझगावहून निघालो. अब्बांची ती फियाट टॅक्सी आता रस्त्यावर राहिली नाही. शेवटची प्रीमियर पद्मिनी 2023 च्या ऑक्टोबरात बंद झाली. आधी क्रॉफर्ड मार्केट. 1869 ची इमारत. दारावरची दगडातली माणसं, शेतकऱ्यांची चित्रं, ती लॉकवुड किपलिंग यांनी घडवली. 'जंगल बुक' लिहिणाऱ्या रुडयार्डचे हे वडील. मोगलीचा सिनेमा पाहिलेल्या भाच्यानं तेवढ्यासाठी खिडकीतून मान बाहेर काढली.

जामा मशिदीशी मात्र दोघंही गप्प झाली. मशिदीच्या खाली जिवंत झऱ्यांचा तलाव आहे. 1802 मध्ये काम पुरं झालं. बांधणाऱ्यांनी तलाव बुजवला नाही. पाण्यातून काळ्या दगडाच्या कमानी उभारल्या आणि त्यांवर मशीद तोलली. "मासे आहेत?" भाच्यानं विचारलं. आहेत. सव्वादोनशे वर्षं नमाजी येतात, वुजू करतात, आणि इतक्या बाजारगर्दीत खाली पाणी शांत असतं. कपड्याच्या खरेदीसाठी त्या गल्ल्यांत शंभरदा गेलेल्या आपल्या बायकांनाही हे ठाऊक नसतं. मलाही अब्बांनी सांगितलं म्हणून ठाऊक.

पुढं टॅक्सीवाल्याला म्हटलं, पुलावरून नको, खालून मोहम्मद अली रोडनंच घ्या. भेंडीबाजारच्या नावाची भांडणं ऐकायला मिळतात. कुणी म्हणतं, इंग्रज क्रॉफर्ड मार्केटच्या 'बिहाइंड द बाजार' म्हणायचे, त्याचं भेंडीबाजार झालं. कुणी म्हणतं, इथं भेंडीची झाडं होती. भाजीची भेंडी नव्हे, आपल्याकडे कोकणात खाडीकाठी असतात ती पिवळ्या फुलांची. फुफूचा कौल अर्थातच झाडाला. या बाजाराच्या नावाचं एक गायन-घराणंही आहे. छज्जू खाँ, नजीर खाँ, खादिम हुसेन खाँ हे तिघे भाऊ उत्तरेतून इथं येऊन राहिले आणि त्यांनी ते उभं केलं. छज्जू खाँ यांचे चिरंजीव अमान अली खाँ. लता मंगेशकर सुरुवातीच्या काळात त्यांच्याकडे शिकल्या. आता जुन्या चाळी पाडून टॉवर उठले आहेत, तेव्हा कुठल्या माडीवरून सूर यायचे हे दाखवण्याची सोय उरली नाही.

नागपाड्याला मी मुद्दाम गाडी हळू करायला लावली. जवळच क्लेअर रोडवर अडेल्फी चेंबर्समध्ये सआदत हसन मंटो राहायचे, सिनेमाच्या कथा लिहून पोट भरायचे. 1948 च्या जानेवारीत ते पाकिस्तानात गेले, पण मुंबई त्यांच्या लिखाणातून गेली नाही. आणि बेलासिस रोडवरचं ते अलेक्झांड्रा. एके काळी इंग्रजी सिनेमांसाठी प्रसिद्ध असलेलं हे थिएटर. आज तिथं दीनी तालीम चालते, नमाज होते. भाची म्हणाली, "म्हणजे थिएटरची मशीद?" मी म्हटलं, हो. अब्बा असते तर अलहम्दुलिल्लाह म्हणाले असते.

तेवढ्यात भाच्यानं सरळ विचारलं, "नाना कुठला पिक्चर बघायचे?"

मी म्हटलं, कुठलाच नाही. आणि मग गप्प बसले, कारण पुढचं मुलांना सांगण्यासारखं नव्हतं. वाचकांना सांगते. 1983 साली मी बारावीला होते. 'कुली' लागला होता. बंगळूरला शूटिंगमध्ये अमिताभला मार लागला, तो मरता मरता वाचला, सगळ्या देशानं दुआ मागितल्या. म्हणून मनमोहन देसाईंनी शेवट बदलला आणि मरणारा इकबाल जिवंत ठेवला. ज्या क्षणी मार लागला तिथं पडद्यावर चित्र थांबवून तसं लिहिलेलंही होतं. शेवटची मारामारी तर आपल्या हाजी अलीच्या दर्ग्यात. नायकाच्या दंडावर 786 चा बिल्ला. मैत्रिणी म्हणाल्या, यात काय वाईट आहे? गेलो चौघी. परतताना दारातच अब्बांच्या ओळखीचा टॅक्सीवाला भेटला.

अब्बांनी हात उगारला नाही. दुसऱ्या दिवसापासून कॉलेज बंद. परीक्षेचा फॉर्म भरला गेला नाही. अम्मीनं वर्षभर मिनतवाऱ्या केल्या तेव्हा पुढच्या साली बसले, डी.एड. केलं, शाळेत लागले. एका सिनेमापायी एक वर्ष. अब्बा 2009 मध्ये गेले. शेवटच्या आजारात पाय चेपताना कितीदा ओठांवर आलं, पण विचारलं नाही.

मराठा मंदिरच्या सिग्नलला टॅक्सी थांबली. मुलांचं लक्ष 'दिलवाले'च्या पोस्टरकडे. 1995 पासून इथं हा सिनेमा चालूच आहे, हे त्यांना माझ्याआधी माहीत. मी माझं पुराण सुरू केलं. 1958 ला हे थिएटर उघडलं. 5 ऑगस्ट 1960 ला इथं 'मुघल-ए-आझम'चा प्रीमियर झाला. सिनेमाची रिळं हत्तीवरून आणली होती. शीशमहालाच्या काचा बेल्जियमच्या. तिकिटांसाठी लोक दिवसच्या दिवस रांगेत, जेवणाचे डबे घरून यायचे. आणि ज्याच्यासाठी एवढी रांग तो दिलीपकुमार प्रीमियरला आलाच नाही, दिग्दर्शक के. आसिफशी त्याचं बिनसलं होतं.

"तुझा बापही होता त्या रांगेत," फुफू म्हणाली.

मला वाटलं, गाडीच्या आवाजात मी चुकीचं ऐकलं.

"दोन रात्री उभा होता. मालकाची गाडी दुसऱ्याकडे देऊन. चोवीस वर्षांचं पोरगं, दिलीपकुमारचा वेडा, भांगसुद्धा तसाच पाडायचा." फुफू बाहेर बघत बोलत होती. "इकडे गावी बाबांना लकवा मारला. तार केली. गाववाल्यांच्या खोलीवर तार पोचली, पण हा कुठं आहे कुणाला माहीत? कुणी डॉकयार्डला शोधतंय, कुणी मशिदीत. तिसऱ्या दिवशी तिकीट घेऊन खोलीवर आला तेव्हा दुसरी तार येऊन पडली होती."

पावसाळ्यात भाऊच्या धक्क्यावरून कोकणच्या बोटी बंद. एस.टी.नं महाडमार्गे निघाले, वाटेत पुराचं पाणी. दापोलीला पोचले तेव्हा दफन होऊन दीड दिवस झाला होता. फुफू तेव्हा सोळा वर्षांची. म्हणाली, "बाबा शेवटपर्यंत दाराकडे बघत होते. मी त्याला ते सांगितलं. सांगायला नको होतं."

"आणि तिकीट?" भाचीनं विचारलं.

"कुणाला दिलं, फाडलं, अल्लाह जाणे. पिक्चर त्यानं पाहिला नाही. तो नाही आणि पुढं कुठलाच नाही."

मला 2004 ची आठवण झाली. तो सिनेमा अख्खा रंगीत होऊन परत आला तेव्हा बहिणीनं घरी सीडी आणली होती. अब्बा काही बोलले नाहीत. उठले, टोपी घातली आणि मशिदीत गेले. जोहरला अजून तासभर होता. आम्ही दोघी एकमेकींकडे पाहून हसलो होतो. आणि ते वर्ष, 1983 चं? अब्बांना मुलीच्या इभ्रतीची काळजी होती, असं मी आजवर धरून चालले होते. काळजी असेलही. पण त्या संध्याकाळी मी कुठं आहे हे चार तास घरात कुणालाच माहीत नव्हतं, हेही खरं. म्हणून माझं वर्ष बुडवणं योग्य ठरतं का? नाही. मला आजही नाही वाटत. एकदा, एका वाक्यात सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं.

धाकट्या भावाला हे छापलेलं आवडणार नाही. घरातलं घरात ठेवावं, असं त्याचं मत. फुफूला विचारलं तर म्हणाली, "लिही. मी काय आता किती दिवस."

हाजी अलीला पोचलो तेव्हा भरती होती, पायवाट पाण्याखाली. पीर हाजी अली शाह बुखारी यांचा हा दर्गा 1431 चा, किनाऱ्यापासून अर्धा किलोमीटर आत. दिवसातून दोनदा समुद्र वाट बंद करतो आणि दोनदा उघडतो. शेजारून आता कोस्टल रोडच्या गाड्या पळतात. भाचीनं मोबाइलवर 'फिझा'मधली ए. आर. रहमानची कव्वाली शोधली. ती इथंच चित्रित झाली आहे. फुफूनं तिला हातानं खूण केली, बंद कर म्हणून नाही, आवाज कमी कर म्हणून.

कठड्याला टेकून मी आधी आजोबांच्या नावानं फातिहा पढली, मग अब्बांच्या. मुलं लिंबूपाणी आणायला गेली. वाट उघडायला अजून तासभर लागेल, असं फुगेवाला म्हणाला. फुफू म्हणाली, थांबू.