सिरपूरच्या विटा

दिवाळीच्या सुट्टीत भिलाईला घरी गेलो, तेव्हा पुढच्या खोलीत खोकी बांधून ठेवलेली होती. बाबांची राउरकेल्याला बदली झाली होती आणि सेक्टरमधलं क्वार्टर सोडायचं होतं. आजोबा त्याबद्दल एक शब्दही बोलत नव्हते. ते 1966 साली वर्ध्याहून इथे आले आणि निवृत्तीपर्यंत स्टील प्लांटच्या भट्ट्यांमध्ये आतून विटा बसवण्याचं काम त्यांनी केलं.

जायच्या आधी सिरपूर पाहून घेऊ, असं बाबांनीच ठरवलं. महानदीच्या काठचं हे गाव म्हणजे जुनं श्रीपूर, दक्षिण कोसलची राजधानी. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी 1950 नंतरच्या काही वर्षांत इथे उत्खनन केलं, त्यात एक चिनी नाणंसुद्धा मिळालं. समुद्रापासून इतक्या आत!

आधी सुरंग टीला पाहिला. पायऱ्या मोजत चढायची मला शाळेतली सवय आहे. पण इथल्या पायऱ्या लाटेसारख्या वाकल्या आहेत. भूकंपाने तसं झालं असं मानतात. मध्येच अडखळलो आणि आकडा विसरलो. आजोबा खालीच बसून राहिले.

लक्ष्मण मंदिर मात्र त्यांनी सोडलं नाही. राणी वासटाने पती हर्षगुप्ताच्या आठवणीसाठी सातव्या शतकात हे विटांचं मंदिर बांधलं. पुढचा मंडप पडला आहे, गाभारा आणि वरचं शिखर उभं आहे. मी दारावरचा शेषशायी विष्णू पाहत होतो. आजोबा बाजूच्या भिंतीला नाक लावून उभे! चष्मा चढवून त्यांनी दोन विटांच्या सांध्यात नख घालून पाहिलं. (हात लावू नये असा फलक होता, तो मी नंतर वाचला.)

"जात नाही बघ," ते म्हणाले. "आमच्यातही हेच. सांधा जाड राहिला की भट्टी तिथूनच जाते."

मग ते अर्धा तास बोलत होते. इतक्या वर्षांत मी त्यांना कामाबद्दल कधी विचारलंच नव्हतं. शाळेत कुणी विचारलं तर 'आजोबा प्लांटमध्ये होते' एवढंच सांगायचो.

"तुम्ही लावलेल्या विटा अजून असतील आत?" मी विचारलं.

ते हसले. "अरे, भट्टीच्या विटा झिजतात. काढून नव्या बसवतात. माझी एकही नसेल आता."

त्यांना त्याचं काहीच वाटलं नाही. मलाच वाटलं.

रात्री घरी आल्यावर त्यांनी एक रिकामं खोकं मागितलं आणि त्यात सगळ्यात आधी आपली जुनी थापी ठेवली.