गाड्या बघायला गेलो आणि गिरणी बघून आलो

मागच्या महिन्यात भाच्याकडे स्वित्झर्लंडला, बाझेलला जाऊन आलो, हे फोटो बघून तुम्हाला कळलंच आहे. थंडी किती, जेवणाचं काय, भाव काय, सगळं विचारून झालं. पण एका दिवसाबद्दल लिहायचं राहून गेलं होतं. आज लिहितो. पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा.

बाझेलहून रेल्वेने निघालं की अर्ध्या तासाच्या आत सीमेपलीकडे फ्रान्समधलं म्युलूज गाव येतं. भाचा म्हणाला, "मामा, तिथं जुन्या गाड्यांचं म्युझियम आहे, जगात भारी." मला गाड्यांतलं फार कळत नाही. आमच्या घरात पहिली चारचाकी आली तीच सेकंड हँड. तरी म्हणलं, चला.

म्युझियमचं नूतनीकरण झालंय ते दारातच कळतं. काचेचं आधुनिक प्रवेशद्वार, आत अंधुक प्रकाशात एकेका गाडीवर सोडलेला झोत. चारशेहून जास्त गाड्या, त्यात शंभरावर एकट्या बुगातीच्या. पॅरिसच्या प्रसिद्ध पुलावरच्या दिव्यांसारखे घडवलेले ८०० हून अधिक दिव्यांचे खांब त्या एकाच दालनात उभे आहेत. शहरातल्या रस्त्यावरून चालल्यासारखं वाटतं.

सगळ्यात गर्दी बुगाती रॉयालपाशी. १२.७ लिटरचं इंजिन, सहा मीटरहून जास्त लांबी, पुढे रेडिएटरवर सोंड वर केलेला हत्ती. अशा फक्त सहा गाड्या बनल्या आणि त्यातल्या दोन इथं आहेत. राजेमहाराजांसाठी काढलेली गाडी, पण मंदी आली आणि गिऱ्हाईकं मिळाली तीनच. एक जर्मन जोडपं त्या हत्तीकडे बघत किती वेळ नुसतं उभं होतं. शाळेच्या सहलीतली पोरं मात्र धावतच पुढे गेली. भाचा फोटो काढण्यात दंग. जो तो आपापल्या परीने खूश होता, आणि खोटं कशाला बोलू, मीही होतो.

मग एका बाकावर बसलो. शेजारी सत्तरीकडे झुकलेले एक आजोबा होते. भाच्याला जर्मन येतं आणि त्या भागातल्या जुन्या माणसांनाही येतं, म्हणून बोलणं सुरू झालं. आजोबांनी विचारलं, कुठली गाडी आवडली? मी हत्तीवाली सांगितली. ते हसले आणि म्हणाले, मी ही गाडी पहिल्यांदा बघितली तेव्हा इथं तिकीट फाडणारे नव्हते, दारावर माझे वडील आणि त्यांचे गिरणीतले सोबती पहारा देत होते.

त्यांनी सांगितलेली गोष्ट इतकी आपली वाटली की घरी येऊन मी ती नीट वाचून काढली.

हान्स आणि फ्रिट्झ श्लुम्फ हे दोन सख्खे भाऊ. लोकर कातायच्या गिरण्यांचे मालक. धाकट्या फ्रिट्झला गाड्यांचं वेड. बंद पडलेली एक गिरणी घेऊन तिच्यात त्याने गुपचूप गाड्या साठवायला सुरुवात केली. १९६४ मध्ये अमेरिकेतल्या एका संग्राहकाकडून तीसेक बुगाती एकदम उचलल्या. दुरुस्तीला कारागीर, झळकायला दिवे, आणि हे सगळं आईच्या नावाने अर्पण. बाहेर कुणाला पत्ता नाही.

मग कापडधंद्याला उतरती कळा लागली. १९७६ मध्ये गिरण्या बुडाल्या आणि दोघे भाऊ निघून गेले. कुठे? बाझेलला. जिथं माझा भाचा राहतो तिथंच! ७ मार्च १९७७ ला कामगार या शेडचं दार उघडून आत शिरले. महिनोन्‌महिने पैसे नाहीत असं ऐकत आलेल्या त्या माणसांसमोर काय उभं असेल? झुंबरासारख्या दिव्यांखाली चकाकणाऱ्या गाड्यांच्या रांगा.

आजोबा म्हणाले, वडील त्या रात्री घरी आले आणि जेवलेच नाहीत.

आता सांगा, तुम्ही-आम्ही असतो तर काय केलं असतं? रागाच्या भरात एक मोडकी ऑस्टिन जाळली गेली असं सांगतात. पण बाकीच्या गाड्यांना त्यांनी हात लावला नाही. जागेला 'कामगारांचा कारखाना' असं नाव दिलं, दोन वर्षं ताबा ठेवला, पहारे दिले आणि लोकांना आत बोलावून दाखवलं, बघा आमचा घाम कुठं गेला. लाखो माणसं बघून गेली. १९७८ मध्ये फ्रान्स सरकारने हा संग्रह ऐतिहासिक वारसा ठरवला, त्यामुळे गाड्या सुट्या करून बाहेर विकण्याचा रस्ता बंद झाला. १९८१ मध्ये शहर, जिल्हा, प्रांत अशा सगळ्यांनी मिळून तो ४ कोटी ४० लाख फ्रँकला विकत घेतला आणि १९८२ मध्ये म्युझियम रीतसर उघडलं.

१९८२. हे साल वाचलं आणि थांबलो. त्याच वर्षी १८ जानेवारीला मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला होता.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, सोलापुरात एका गिरणीत साचेवाले होते. १८७७ ला पहिली गिरणी उभी राहिलेलं आपलं सोलापूर. भोंग्यावर अख्ख्या गावाचं घड्याळ चालायचं. नव्वदच्या दशकात अण्णांच्या गिरणीला कुलूप लागलं तेव्हा मी शाळेत होतो. थकबाकीसाठी ते किती वर्षं खेटे घालत होते ते मी बघितलंय. साचे भंगारात गेले. ज्या साच्यावर माणसाने बावीस वर्षं उभं राहून काढली, तो किलोवर विकला गेला. अण्णा त्या दिवशी गेटपर्यंत गेले आणि ट्रक बघून परत आले. त्या रात्री तेही जेवले नव्हते.

म्हणून आजोबांचं ते वाक्य भाच्याने मराठीत सांगितलं तेव्हा मला पुढचं काही बोलता आलं नाही. भाच्याला वाटलं, मामा दमले.

निघताना पाटी पुन्हा वाचली. म्युझियमच्या अधिकृत नावात आजही 'श्लुम्फ संग्रह' हे शब्द आहेत. मालकाचं नाव राहिलं. ज्यांनी गाड्या राखल्या त्यांचं नाव पाटीवर नाही. आजोबांना याचं काय वाटतं, असं विचारलं. ते म्हणाले, नाव जाऊ द्या, नातवाला इथं आणून सांगता तरी येतं.

मला तेवढंही करता येत नाही. माझ्या मुलीला अण्णांची गिरणी दाखवायची तर काय दाखवू? मोकळी जागा, कंपाउंडची भिंत, प्लॉटिंगचा बोर्ड?

आपल्याकडे बुगाती नव्हत्या हे खरं. पण साचे होते, भोंगे होते, हजेरीची पुस्तकं होती, पगाराची पाकिटं होती. एक शेड, चार साचे आणि कामगारांची नावं लिहिलेली एक भिंत, एवढ्यालाही कोटी लागत नाहीत. निवडणुकीत चौक सुशोभीकरणावर जेवढं बोललं जातं, त्याच्या निम्मं यावर बोललं तरी पुरे. येत्या सर्वसाधारण सभेआधी आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाला एवढं विचारा. मीही विचारणार आहे, आणि उत्तर काय मिळालं ते इथंच लिहीन.

अण्णांचा गिरणीचा पास आमच्या पत्र्याच्या पेटीत आहे. फोटो खाली टाकतोय. तुमच्या घरी असं काही असेल तर फेकू नका. फोटो पाठवा, सोबत माणसाचं नाव, खातं आणि पाळी लिहा. सुरुवात तिथून करू.