नाशिकाहून कल्याणच्या खाडीवर

आम्हां नाशिककरांस समुद्राचा विसर पडावा यांत नवल नाहीं. आमची गोदामाई उगम पावते तेथून अरबी समुद्र सुमारें ८० किलोमीटरांवर. पण ती त्याकडे पाठ फिरवून पूर्वसमुद्रास जाऊन मिळते. तेव्हां शिवछत्रपतींचें आरमार जेथें आकारास आलें तें स्थळ पाहावें म्हणून आम्ही घरचीं लहानथोर मंडळी थळघाट उतरून कल्याणास गेलों. नाशिकचा माल बंदरीं जाण्याची जुनी वाटही हीच.

दुर्गाडीवरून उल्हासची खाडी दिसते. २४ ऑक्टोबर १६५७ रोजीं कल्याण-भिवंडी महाराजांच्या हातीं आली आणि लवकरच या भागांत जहाजबांधणी सुरू झाली. भरतीचें पाणी थेट आंत येणारें, पाठीशीं सागाचीं रानें. जागा हेरणाऱ्याच्या नजरेचें कौतुक वाटतें.

अडचण होती कारागिरांची. लढाऊ जहाज म्हणजे कांहीं मोठी होडी नव्हे. तोफ उडाली कीं तिचा हिसका सांगाड्यास सोसावा लागतो. तें काम जाणणाऱ्या रुय लैतांव व्हियेगस या पोर्तुगिजास व त्याच्या मुलास महाराजांनीं चाकरीस ठेविलें. १६५९ सालीं वीस नौकांचें काम चाललें होतें. त्या जंजिऱ्याच्या सिद्दीवर धाडावयाच्या, असा बोलवा. परंतु उद्यां त्या आपल्यावरच उलटतील, हें वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यानें ताडलें. त्यानें फूस लाविली आणि व्हियेगस सुमारें ३४० माणसांनिशीं निघून गेला!

तरी काम अडलें नाहीं. फेब्रुवारी १६६५ मध्यें महाराज स्वतः जहाजांतून बसरूरच्या स्वारीस गेले. परक्यांजवळ राबतां राबतां येथल्या सुतारांनीं विद्या उचलली असावी, असें आम्हांस वाटतें.

या नौकांत दोन-तीन डोलकाठ्यांच्या गुराबा व शिडांबरोबर वल्हींही चालविणारीं गलबतें मुख्य. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत त्या मध्यम आकाराच्याच असाव्या असें सांगितलें आहे; वाऱ्यावांचून हलेनात अशीं अजस्र जहाजें काय कामाचीं? लांकडाविषयीं तर बजावणी स्पष्ट आहे. साग तोडावयाचा तो हुकुमानें. आंबा-फणसाचें लांकूडही आरमाराच्या उपयोगाचें, पण त्यास हात लावावयाचा नाहीं. कारण रयतेनें तीं झाडें लेंकराप्रमाणें वाढविलेलीं असतात. एखादें झाड अगदींच जीर्ण झालें असेल, तर धन्यास राजी करून, मोल देऊन मगच तोडावें.

आमच्याबरोबरच्या वडील बायकांस तोफांच्या गोष्टींहून हें कलमच अधिक आवडलें, आणि घाट चढेपर्यंत परसांतल्या आंब्याचीच चर्चा चालली.