दोन औंस

बंदराजवळच्या आमच्या कचेरीत माझ्या टेबलावर जे कागद येतात, त्यांत परदेशी मालाच्या वेष्टनांचे नमुने पुष्कळ असतात. २००९ चा वैधमापन कायदा १ एप्रिल २०११ पासून अमलात आला. आयात केलेल्या बंद डब्यावर निव्वळ परिमाण ग्रॅममध्ये वा मिलिलिटरमध्ये हवे, शिवाय आयातदाराचे नाव, पत्ता आणि किंमत हवी. मूळ वेष्टनावर हे नसले तर आयातदार वेगळी चिठ्ठी चिकटवतो, आणि ती ताडून पाहणे माझ्याकडे असते. या कामात औंसाने मला फार छळले आहे. वजनाचा औंस २८.३५ ग्रॅमचा, द्रवाचा औंस अमेरिकेत २९.५७ मिलिलिटरचा आणि इंग्रजांचा २८.४१ चा! बारा औंसांच्या एका अमेरिकन बाटलीवर ३४० मिलिलिटर लिहून आले, तेव्हा 'हिशेब वजनाचा दिसतो, ३५५ हवे' असा शेरा मी मारला होता. साहेबांनी शाबासकी दिली. ती मी घरी दोनदा सांगितली.

आईला या हिशेबांचे हसू येई. मेट्रिक वजने १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आली, ती तिच्या जन्माआधीच. तरी साताऱ्याच्या घरात धान्य पायलीने आणि चिपट्यानेच मोजले जाई. नातवासाठी ती चेन्नईस आली आणि येथे तिला परके वाटलेच नाही. सोन्याचा भाव आठ ग्रॅमच्या सॉव्हरिनने, जागा २४०० चौरस फुटांच्या ग्राउंडने, आणि मैलापूरला मोगऱ्याचा गजरा मुळमाने, म्हणजे फुलवालीच्या कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत. आईने चार दिवसांत लांब हाताची फुलवाली हेरली. असले मापनशास्त्र आमच्या नियमांत नाही.

बाळ सहा महिन्यांचे असताना न्यू जर्सीहून ताई आली. तिने दुधाच्या पावडरीचा डबा आणला. सामानातून आलेला डबा, त्यावर चिठ्ठी कुठून असणार? पुढच्या बाजूस वजन औंसांत आणि ग्रॅममध्ये, दोन्ही छापलेले होते. पाणी किती घालायचे त्याचा तक्ता मागे, बारीक अक्षरांत, केवळ औंसांचा.

आईने स्वयंपाकघरातून विचारले, "पाणी किती रे घालायचं?"

मी वर्तमानपत्रातून डोके न काढता म्हणालो, "तेच. चमच्याला तीस."

आधीच्या, इकडच्या डब्याचे ते प्रमाण होते. नव्या डब्यातला चमचा मोठा होता. त्याला दोन द्रव औंस, म्हणजे सुमारे साठ मिलिलिटर पाणी लागत होते. दोन दिवस बाळाच्या पोटात दुप्पट दाट दूध गेले. ते सारखे रडू लागले, ओठ सुकले, लंगोट कोरडे राहू लागले. आम्ही उन्हाळ्याला दोष दिला.

डॉक्टरांनी डबा आणायला सांगितला. त्यांनी तो मागून फिरवला, चश्मा वर केला आणि तक्ता मोठ्याने वाचला. मग त्यांच्या नोंदवहीसाठी मला विचारले, "आपण काय करता?" मी एवढेच म्हणालो, "केंद्र सरकारात आहे."

बाळाला त्यांनी संध्याकाळपर्यंत तेथेच ठेवून घेतले. दिवेलागणीला लंगोट ओला झाला, तेव्हा पत्नी प्रथमच खाली बसली.

घरी आल्यावर मी आईला सांगितले की चूक माझी. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "दूध दाट होतंय हे मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं रे. पण म्हटलं, तुझं कामच ते."

रात्री तिने कॅलेंडरच्या पानाचा तुकडा कापून डब्यावर चिकटवला आणि त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले: एक चमचा, साठ. मग डबा माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "बघ, बरोबर आहे का."